अष्टभुजेची मूठ

१

सर्वपित्री अमावास्येला दुपारची जेवणं आटोपली की सोजराबाई चिंचेचा गोळा, चाळलेली राख आणि जुन्या लुगड्याची फडकी घेऊन देवळाकडे निघायची. वाघझरीच्या अष्टभुजेची शस्त्रं घासायचा मान तिच्या घरी होता. दुसऱ्या दिवशी घट बसायचे. त्याआधी देवीच्या हातातलं सगळं पितळ लखलखलं पाहिजे, असा रिवाज.

वाघझरी म्हणजे सोनाळ्याच्या वरच्या अंगाला सातपुड्याच्या पायाशी टेकलेलं लहानसं गाव. त्याच्याही वरच्या टोकाला देऊळ, आणि आत माणसाच्या उंचीची काळ्या दगडाची देवी. तिच्या सात मुठींना आरपार भोकं होती, आणि प्रत्येक भोकात एकेक शस्त्र बसवलेलं होतं: त्रिशूळ, चक्र, तलवार, ढाल, धनुष्य, बाण आणि शंख. आठवा हात रिकामा. तळवा समोर, बोटं वर, असा तो अभयाचा हात. त्या हाताखाली डोकं वाकवल्याशिवाय गावातलं माणूस ना पेरणीला जायचं, ना बाजाराला.

घासायचं काम कुंकवाच्या बाईनं करायचं नाही, ही एक अट होती. सोजराबाईच्या सासूनं ते केलं ते विधवा झाल्यावर, आणि नवरा, नारायणराव, गेल्यावर सोजराबाईकडे ते आलं. सासूनं पहिल्या वर्षी तिला सोबत नेऊन दाखवलं होतं. त्रिशूळ महादेवानं दिला, चक्र विष्णूनं, धनुष्यबाण वाऱ्यानं, ढाल-तलवार काळानं. एका कीर्तनकारबुवांनी मागे त्याचा अर्थही सांगितला होता. चक्र म्हणजे थांबत नाही तो काळ, ढाल म्हणजे धर्म, आणि तलवार मोह तोडण्यासाठी. बायांनी माना डोलावल्या होत्या.

सासूला कीर्तनातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं तलवार दोन बोटांनी अलगद उचलून दाखवली आणि म्हणाली, "पाह्य, कशी ढिली हाये. वारा आला का सारे हत्यारं वाजतेत. तिची मूठ ढिली हाये, म्हणून आपल्याले झोप लागते."

आणि ते खरंच होतं. डोंगरावरून वारा उतरला की देवळातून बारीक किणकिण यायची. गावाला तिची इतकी सवय होती की ती कुणाला ऐकूच येत नसे.

२

त्या साली पावसानं श्रावणातच पाठ फिरवली होती. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती. विलायतेतली लढाई अजून चालूच होती आणि धान्य महाग झालं होतं. सोजराबाईचा एकुलता एक मुलगा शालिग्राम खामगावला कापसाच्या जिनात कामाला लागला होता. घरी ती आणि सातव्या महिन्यातली सून कोकिळा, दोघीच.

सोजराबाई देवळात शिरली तेव्हा बाहेर वारा होता. कंदिलाची ज्योत हलत होती. पण काहीतरी कमी होतं. काय, ते तिला चटकन उमगलं नाही. तिनं पदर खोचला, चिंच भिजत घातली, आणि सवयीनं तलवारीच्या मुठीला दोन बोटं लावली.

तलवार निघाली नाही.

तिनं हात लावून जोर केला. तलवार हललीसुद्धा नाही. मग तिनं दगडाची मूठ आणि पितळ यांच्यामधल्या फटीत फडक्याचं टोक घालायला घेतलं. दरवर्षी त्या फटीत ती बोट घालून घासायची. आज तिथे फटच नव्हती. दगड पितळेला चिकटून होता.

"उत्तमराव," तिनं बाहेर झाडलोट करणाऱ्या गुरवाला हाक मारली. "हे पाहा बरं काय झालं."

उत्तमराव आला. त्यानंही ओढून पाहिलं. "तेला-शेंदराचं किटन बसलं असन वैनी. गरम तेल सोडू."

गरम तेल सोडलं. ते मुठीवरून ओघळून खाली आलं, आत गेलं नाही. बाकीची सहाही निघाली. सोजराबाईनं ती घासली, पुसली, जागच्या जागी बसवली. तलवार तिनं देवीच्या हातातच घासली. घासताना तिची बोटं दगडाच्या बोटांवरून फिरत होती. तिथली पेरं तिला नेहमीपेक्षा टोकदार लागली. मूठ आवळली की माणसाची लागतात, तशी.

"मूठ आवळली वाटते," ती म्हणाली.

उत्तमराव हसला. "दगड हाये वैनी तो."

तिलाही ते पटलं. उकाडा होता, पितळ फुगलं असेल. ती घरी आली तेव्हा तिला कळलं, काय कमी होतं ते. वारा होता, आणि किणकिण नव्हती.

३

तिसऱ्या माळेला त्रिशूळही मुठीत घट्ट बसला. चौथ्या माळेला चक्र.

पाचव्या माळेच्या सकाळी हार बदलताना सोजराबाईला धनुष्याच्या मुठीत एक फडकं दिसलं. घासताना तिचंच राहिलं असणार. तिनं ते ओढलं. ते निघेना. जोरानं ओढलं तर टर्रकन फाटलं आणि निम्मं मुठीतच राहिलं. आपण ते तिथे विसरलो हे तिला पटत होतं. पण ते ढिल्या फटीतून लोंबत असायला हवं होतं. इथे ते दगडात चिणल्यासारखं झालं होतं.

दर्शनाला आलेले पंजाबराव पाटील मागे उभे होते. त्यांनी स्वतः हात लावून एकेक मूठ पाहिली आणि दोन पावलं मागे सरले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"देवी जागी झाली हो!" ते म्हणाले. "म्या काल सोनाळ्याच्या बाजारात आयकलं. खामगावात, अकोल्यात माणसं पटापट मरून राह्यली. मानमोडी म्हणतेत त्या तापाले. सकाळी खोकला, दुसऱ्या दिवशी तिरडी. आता नाई शिरत ते आपल्या गावात. मायनं हत्यार धरलं!"

बातमी घरोघर गेली. संध्याकाळी देऊळ माणसांनी भरलं. बाया रडत होत्या, आणि ते रडणं आनंदाचं होतं. एकेक जण पुढे होऊन आवळलेल्या मुठींना हात लावत होता. सोजराबाई कोपऱ्यात उभी होती. खामगाव हा एकच शब्द तिच्या डोक्यात राहिला होता.

घरी कोकिळा चुलीशी बसली होती. तिच्या कानावर तापाचं कुणी घातलं नव्हतं. ती खुशीत होती.

"आत्याबाई, सोनाळ्याचा गाडीवाला निरोप देऊन गेला. दसऱ्याले येऊन राह्यले म्हणे ते."

सोजराबाईनं "बरं झालं" म्हटलं, आणि भाकरी पुढ्यात घेऊन तशीच बसून राहिली.

४

सातव्या माळेला भर दुपारी देवळात कुणी नव्हतं. सोजराबाई नंदादीपात तेल घालायला गेली होती. वात सारून ती जरा टेकली, भिंतीला डोकं लावलं. बाहेर ऊन रखरखत होतं, आत गारवा.

तेवढ्यात आवाज आला. जातं अर्धा फेरा फिरवून कुणी थांबावं, तसा. दगडावर दगड.

तिनं पाहिलं. देवी होती तशीच होती. आपला डोळा लागला असेल, शेजारच्या घरी कुणी दळण घेतलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुपारी कुणी दळत नाही हेही तिला ठाऊक होतं. ती उठली आणि समईची वात मोठी करून जवळ गेली.

बाण वळला होता. ढिला असल्यामुळे तो कायम खाली झुकलेला असायचा, त्याचं टोक देवीच्या पायांकडे. आता तो सरळ आडवा होता. सोजराबाईनं त्याच्या टोकाच्या रोखानं पाहिलं. दार, पायऱ्या, गावातून जाणारी वाट, आणि दूर खाली, उन्हात पांढरा पडलेला सोनाळ्याचा रस्ता.

खामगावहून येणारं माणूस त्याच रस्त्यानं यायचं.

ती पायांशी बसली आणि हात जोडले. काय मागायचं ते तिला सुचेना. गाव वाचव म्हणावं, तर ते देवी करतच होती. "त्याले येऊ नको देऊ" असं ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं. आई असं कसं मागेल?

त्याच दिवशी तिनं खाली जाणाऱ्या माणसाजवळ निरोप दिला, की शालिग्रामला म्हणावं दिवाळीला ये. माणूस गेला. निरोप पोचला की नाही, ते कधी कळलं नाही.

५

दसऱ्याला दुपार कलल्यावर सगळं गाव सोनं लुटायला शिवेवर गेलं. सोजराबाई देवळात होती. आरतीचं ताट तिनं लावून ठेवलं होतं.

खालून गलका ऐकू आला आणि त्यात एक ओळखीचा आवाज. "माय कुठी हाये?"

त्याच क्षणी देवळात सातही शस्त्रं एकदम वाजली. एकच ठोका. मग पुन्हा सामसूम.

शालिग्राम पायऱ्या चढत आला. धोतराला रस्त्याची धूळ, खांद्यावर गाठोडं, डोळे लाल. हसत होता. "इथंच असशीन म्हटलं. घरी जायच्या आंधी मायचं दर्शन घेतो."

गाठोडं दाराशी ठेवून तो आत आला. येताना एकदा खोकला, तोंडावर हात धरून, हलकेच. मग अभयाच्या हाताखाली जाऊन त्यानं डोकं वाकवलं.

नंदादीप देवीच्या मागच्या अंगाला होता. वाकणाऱ्या माणसाच्या पाठीवर त्या हाताची सावली पडायची, पसरलेली पाच बोटं. लहानपणी शालिग्राम तीच सावली अंगावर घ्यायला धडपडायचा. सोजराबाईनं ती सावली शेकडो पाठींवर पाहिली होती.

आता लेकाच्या पाठीवर जी सावली पडली होती, तिला बोटं नव्हती.

सोजराबाईनं वर पाहिलं नाही. पुढे कधीही कुणी विचारलं तरी तिनं हेच सांगितलं असतं, की मी वर पाहिलं नाही. तिनं ताट टाकलं, शालिग्रामची बाराबंदी मागून धरली आणि त्याला असा ओढला की तो पायऱ्यांवर येऊन पडला.

"काऊन वं माय? दर्शन तं घेऊ दे!"

"तुले ताप हाये."

"जराशी कणकण हाये. उन्हातून चालून आलो."

तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. तापलेल्या तव्याला लागावा तसा चटका बसला. ती रडली नाही. गाठोडं तिनं स्वतः उचललं. "चाल. मळ्यात चाल. घरी नको."

"कोकिळाले तं पाहू दे."

"तिचं पोट हाये सात महिन्यांचं. चाल म्हन्लं ना."

तो तिच्यामागे चालू लागला. खामगावात त्यानं काय काय पाहिलं होतं, ते त्यालाच ठाऊक. शिवेवरून परतणारे लोक वाटेत भेटले आणि सगळे कडेला सरले. पाटलांनी दुरूनच हात जोडले. "शहाणं काम केलं सोजराबाई," ते म्हणाले.

तिला शहाणपण सुचलंच नव्हतं. तिनं लेकाला फक्त त्या हाताखालून काढलं होतं.

६

मळा गावाच्या शिवेबाहेर होता. खोपीत तिनं चटई घातली, मडकं भरून ठेवलं. शालिग्रामला दुसऱ्या दिवशी उठता येईना. नाकातून रक्त येई. श्वास घेताना छातीतून ओल्या लाकडासारखा आवाज होई. शुद्धीवर आला की तो गाठोड्याकडे बोट दाखवायचा. त्यात एका फडक्यात कोकिळासाठी आणलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. "तिले देजो." सोजराबाईनं ते फडकं गाठ न सोडता खोपीच्या मेढीला, मधल्या खांबाला, अडकवलं.

उत्तमराव लांब धुऱ्याशी, शेताच्या बांधावर, भाकरी ठेवून जायचा. कोकिळाला घरात धरून ठेवायला पाटलांच्या घरच्या बाया बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सूर्य बुडायला टेकला असताना सोजराबाईला किणकिण ऐकू आली.

ती आवाजानं नाही, ओळखीनं दचकली. वारा पडलेला होता. वाळलेल्या ज्वारीचं पान हलत नव्हतं. किणकिण गावाच्या बाजूनं आली, शेताच्या कडेकडेनं फिरली आणि धुऱ्यावर येऊन थांबली.

"कोन हाये माय बाहेर?" शालिग्रामनं विचारलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

"कोनी नाई. वारा हाये."

"वारा कुठी हाये?"

ती दारात जाऊन उभी राहिली. ज्वारीच्या पलीकडे, समोरच्या सूर्यामुळे धड काही दिसत नव्हतं. काहीतरी उभं होतं, किंवा नुसती बाभळीची सावली असेल. पण त्या काळोख्या भागात पितळ चमकत होतं. एक चमक उंच, एक कमरेशी, दोन बाजूला लांब. दोन हातांना पुरून उरावीत इतक्या ठिकाणी. ती चमक सोजराबाईला परकी नव्हती. चिंच-राख लावून ती तिनंच आणली होती.

"गावात नाई आणत मी त्याले," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. "इथंच ठेवतो. आयकलं का? तुह्या शिवेत नाई आणत. माह्या पोटचा हाये. त्याले राहू दे."

कीर्तनातला शब्द तिला आठवला. मोह. त्या दिवशी आपणही मान डोलावली होती. मोह कुणाचा आणि तोडायचा कुठे, हे बुवांनी सांगितलं नव्हतं.

सूर्य गेला तशी चमकही गेली. ती अंधार पडेपर्यंत दार अडवून उभी राहिली. मग पाठीला पाठ लावून लेकाजवळ बसली, आणि सकाळपर्यंत काहीच झालं नाही. सकाळी शालिग्रामचा ताप उतरलासा वाटला. त्यानं पेजेचे चार घोट घेतले. आपण वेड्यासारखं काहीतरी पाहिलं, तीन दिवसांच्या जागरणानं डोळे फिरले, असं तिला वाटलं. तिला हसूसुद्धा आलं.

ती विहिरीवर गेली, घागर भरली आणि परत आली. तेवढाच वेळ.

शालिग्राम भिंतीकडे सरकून पडला होता. दोन्ही हात तोंडासमोर धरलेले, कुणाला अडवावं तसे किंवा जोडावेत तसे. अंगावर कसलीही खूण नव्हती. मानमोडीत असंच होतं, शेवटाआधी माणूस जरा सुधारतं, असं पुढे सगळ्यांनी सांगितलं. तेही खरंच असेल.

तिनं मेढीवरचं फडकं काढलं. गाठ तशीच होती, त्यानं मारलेली. ती सोडली तर आतल्या बांगड्यांचे तुकडे झाले होते. एकही शाबूत नव्हती.

७

वाघझरीत त्या सालात दुसरं कुणी मेलं नाही. सोनाळ्यात सरणाला लाकूड पुरेना, आसपासच्या गावांत घरंच्या घरं बंद झाली, पण वाघझरीत खोकलासुद्धा शिरला नाही. दिवाळीनंतर किणकिण पुन्हा सुरू झाली. उत्तमरावानं पाहिलं तर शस्त्रं मुठीत ढिली झाली होती. लोकांनी देवीला पुरणाचा नैवेद्य केला. सोजराबाई त्या दिवशी शेतात होती.

पौषात कोकिळाला मुलगा झाला. सव्वा महिना झाल्यावर त्याला अभयाच्या हाताखाली ठेवायचं ठरलं. आदल्या दिवशी उत्तमराव सांगायला आला.

"सकाळीच आणा वैनी लेकराले. आन् हो, येत्या सर्वपित्रीले कोकिळालेही संगं घ्या. तिले शिकवा लागन आता."

 उत्तमराव गेल्यावर सोजराबाईनं आत पाहिलं. कोकिळा लेकराला मांडीवर घेऊन बसली होती.

"आत्याबाई, हे दूध नाई घेऊन राह्यलं. शिंकते सारखं. अंग पाहा बरं, कोमट लागते काय?"

सोजराबाईनं हात लावला. लागत होतं. सव्वा महिन्याचं लेकरू, माघाची थंडी. असं कुणाचंही लागतं.

देऊळ तिथून हाकेवर होतं. जाऊन दोन बोटांनी तलवार उचलून पाहिली असती, तर कळलं असतं. सोजराबाई गेली नाही. तिनं रातोरात चार लुगडी बांधली आणि तांबडं फुटताच सोनाळ्याच्या गाडीवाल्याला दारात उभं केलं. कोकिळानं कारण विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "साखरखेर्ड्याले माह्या भावाकडं जाऊन राह्यलो. लेकराले घट्ट गुंडाळ."

शिवेवर पाटील भेटले. शेताकडे निघाले होते. त्यांनी बैलांपुढे हात आडवा धरला.

"सोजराबाई! आज लेकराले दर्शनाले आणायचं ना? कुठी चालल्या?"

"भावाकडं."

"अवो, सारा मुलूख मानमोडीनं झोडपला. असं गाव कुठी भेटन तुमाले? मायनं राखलं आपल्याले."

"राखलं पाटील," सोजराबाई म्हणाली. "गाव राखलं." तिनं कोकिळाच्या मांडीवरचं मुटकुळं पदराखाली घेतलं. "हे गाव नोहे. हे नुसतं लेकरू हाये."

पाटलांना ते कळलं नाही. त्यांनी हात बाजूला घेतला.

गाडी दिवसभर चालत राहिली. सोजराबाई मागल्या अंगाला, डोंगराकडे तोंड करून बसली होती. ती पाणीही प्यायली नाही. पूर्णेच्या काठाशी पोचता पोचता लेकराला घाम आला आणि त्याचं अंग गार झालं. त्यानं तोंड उघडून दूध मागितलं. कोकिळा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसली.

"पाहा, काईच नोहतं. सर्दी होती नुसती. आत्याबाई, चाला ना परत. आपलं घर हाये तिथं, शेत हाये."

सोजराबाईनं लेकराच्या कपाळाला पुन्हा एकदा हात लावून पाहिला. गारच होतं.

"नदी उतर बापा," ती गाडीवाल्याला म्हणाली. "थांबू नको."